मिठाच्या यंत्राचा खरा खर्च: घरच्या स्विमिंग पूलसाठी नागपुरातला हिशेब

दोन वर्षांपूर्वी दादाच्या हातात जे कोटेशन पडलं, त्यात खालून दुसरी ओळ होती : ‘केमिकल खर्च – शून्य’. कळमेश्वर रस्त्यावर त्याची थोडी संत्र्याची बाग आहे, आणि बागेच्या कडेला नातवंडांसाठी बांधलेला आठ बाय चार मीटरचा पूल. कागद माझ्यापुढे सरकवत तो म्हणाला, “काहून वं, शून्य लिहून देऊन राहिला ना तो! मग एक लाख दहा हजारांत महाग काय आहे?”

मी ज्युनिअर कॉलेजात वर्षानुवर्षं रसायनशास्त्र शिकवलं. इलेक्ट्रोलिसिसचा धडा शिकवताना फुकटचा क्लोरीन मला कधी भेटला नव्हता. म्हणून वही घेऊन बसले. त्या वहीत पुढच्या दोन वर्षांत जे लिहिलं गेलं, त्यातून हा लेख झाला आहे. घरच्या पूलला मिठाचं यंत्र बसवायचा विचार असेल, तर पूलवाल्याला फोन करण्याआधी एका संध्याकाळी हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडून बघा. खालचे भाव आम्हाला मिळालेले आहेत. तुमचे वेगळे निघतील, रीत तीच राहील.

यंत्र नेमकं काय करतं

‘मिठाचा पूल म्हणजे बिनक्लोरीनचा पूल’ हा समज आधी काढून टाका. मिठाचा पूलही क्लोरीनचाच असतो, फक्त तो क्लोरीन डब्यातून न येता पाइपात तयार होतो. पाण्यात लिटरला तीन-साडेतीन ग्रॅम मीठ विरघळवायचं. समुद्रात साधारण पस्तीस ग्रॅम असतं, म्हणजे हे त्याच्या दहाव्या हिश्श्याचं. जिभेला जेमतेम कळतं. फिल्टरमधून बाहेर पडलेलं पाणी ‘सेल’ नावाच्या नळकांड्यातून जातं. आत टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर रुथेनियम, इरिडियम अशा महागड्या धातूंच्या ऑक्साइडचा पातळ लेप. डीसी करंट सोडला की एका पट्टीवर क्लोरीन सुटतो, दुसरीवर हायड्रोजन. क्लोरीन पाण्यात मिसळून जंतू मारतो आणि काम झालं की पुन्हा क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाग, होतो. म्हणून मीठ संपत नाही.

संपतो तो पट्ट्यांवरचा लेप. तुम्ही विकत घेता ते यंत्र खरं तर तेवढंच आहे, बाकी सगळा डबा आणि वायर. लेपाचं आयुष्य तासांत मोजतात; चांगल्या सेलला साधारण दहा हजार तास धरायला हरकत नाही. सेल बदलायला यंत्राच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास पैसे लागतात. दादाच्या यंत्राच्या सेलचा भाव विचारला तेव्हा उत्तर आलं, पन्नास हजार. कोटेशनवर तो आकडा कुठेच नव्हता.

पूलची भूक मोजा

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. एका बाजूला एक मीटर आणि दुसऱ्या बाजूला दोन मीटर खोल असेल तर सरासरी दीड. दादाचा पूल ८ × ४ × १.५, म्हणजे ४८ घनमीटर, ४८,००० लिटर.

आता रोज क्लोरीन किती खपतो ते. टेस्ट किट घ्या, सकाळी पंप बंद व्हायच्या वेळी क्लोरीन मोजा, दिवसभर काहीही टाकू नका, चोवीस तासांनी पुन्हा मोजा. किती पीपीएम उतरला तो आकडा म्हणजे पूलची रोजची भूक. १ पीपीएम म्हणजे १,००० लिटरमागे १ ग्रॅम, त्यामुळे गुणाकार सोपा आहे. दादाच्याकडे हिवाळ्यात रोज १ पीपीएमच्या आसपास उतरायचा, मेमध्ये ४. वर्षाची सरासरी २.५ धरली : ४८ × २.५ = १२० ग्रॅम रोज, वर्षाला सुमारे ४४ किलो क्लोरीन. मे महिन्यात मात्र रोज १९२ ग्रॅम. हे दोन्ही आकडे लिहून ठेवा. पहिल्यावरून खर्च निघतो, दुसऱ्यावरून यंत्राचा आकार.

आपल्याकडचा मे म्हणजे काय ते सांगायला नको. २०१३ च्या मेमध्ये नागपुरात ४७.९ अंश झाले होते. उन्हातले अतिनील किरण क्लोरीन मोडून टाकतात, आणि पाण्यात सायन्युरिक अ‍ॅसिड, म्हणजे पूलवाले ज्याला ‘स्टॅबिलायझर’ म्हणतात ते, नसेल तर सकाळी भरलेला क्लोरीन दुपार टळेपर्यंत बहुतेक उडालेला असतो. स्टॅबिलायझर न घालता ही मोजणी केलीत तर भूक भलतीच मोठी दिसेल, आणि विक्रेता त्यावरून सर्वांत मोठं यंत्र गळ्यात मारेल. आधी ३० ते ५० पीपीएमवर आणा. ४८,००० लिटरला दीड किलोत ३० पीपीएम होतात. ते लवकर विरघळत नाही. जुन्या मोज्यात भरून पाणी परत येतं त्या जेटसमोर टांगून ठेवायचं.

क्लोरीनचा किलोचा भाव काढा

कॉटन मार्केटात आपण वांगी ‘एका पिशवीला किती’ असं विचारत नाही, किलोचा भाव विचारतो. इथेही तेच करायचं. गोळ्या, हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण), यंत्र यांच्या किमती एकमेकींशी ताडून काही कळत नाही. प्रत्येकातून मिळणाऱ्या एक किलो क्लोरीनला किती रुपये पडतात ते काढलं की सगळं एका तागडीत येतं.

टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिडच्या) गोळ्या नव्वद टक्के क्लोरीनच्या धरतात. आम्हाला किलोला २८० रुपये पडायच्या, म्हणजे क्लोरीन ३११ रुपये किलो.

हायपो कॅनमध्ये येतं, डब्यावर बारा टक्के. लिटरला २० रुपये धरले तर क्लोरीन १६७ रुपये किलो. पण हायपो उन्हात मरतं. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये महिनाभर ठेवलेला कॅन आठ टक्क्यांवर आला असेल तर भाव २५० होतो. ताजं घ्या, सावलीत ठेवा, आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच घ्या.

आता यंत्र. तासाला २५ ग्रॅम क्लोरीन देणारं यंत्र, सेल ५०,००० रुपयांचा, आयुष्य १०,००० तास. म्हणजे तासाला ५ रुपये सेलचे झिजतात. ५ रुपयांत २५ ग्रॅम, तर किलोला २०० रुपये, नुसते लेपाचे. वीज : या आकाराचं यंत्र साधारण १८० वॅट खातं. फार्महाऊसचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं म्हणून मी युनिटला १५ रुपये धरले. तुम्ही स्वतःच्या महावितरणच्या बिलावरून सगळे आकार धरून काढा. किलोला १०८ रुपये झाले. बेरीज ३०८.

३११ आणि ३०८. आकडे वाचून दाखवल्यावर दादा गप्प बसला, मग म्हणाला, “म्हणजे गोळीचाच भाव झाला ना हा!” अगदी तसंच आहे. ‘शून्य’ म्हणून विकला जाणारा क्लोरीन गोळीच्या भावातच पडतो, आणि हायपोपेक्षा चांगलाच महाग.

वर्षाचा मेळ असा बसला. सेलची झीज आणि वीज मिळून १३,५५० रुपये. पावसात ओसंडून आणि फिल्टर धुताना वाहून जातं म्हणून वर्षभरात पुन्हा घालावं लागणारं मीठ सुमारे १२० किलो, १,८०० रुपये. अ‍ॅसिड (पाण्याचा पीएच उतरवायला लागतं ते, सायन्युरिक नव्हे) आणि टेस्ट किटची औषधं धरून हजार. झाले साधारण १६,३५०. यंत्राचा उरलेला भाग ६०,००० आणि बसवणुकीचे १०,०००, हे दहा वर्षांवर पसरले तर वर्षाला आणखी ७,०००. एकूण तेवीस हजारांच्या वर थोडं. हायपोवर तोच पूल ताकद कमी होणं धरूनही दहा-अकरा हजारांत चालतो.

गोळ्यांचं वरवर १४,००० दिसतं, पण त्यात एक खोट आहे जी पूलवाले सहसा बोलत नाहीत. टीसीसीएतून दर १० पीपीएम क्लोरीनबरोबर ६ पीपीएम सायन्युरिक अ‍ॅसिडही पाण्यात येतं, आणि ते उडत नाही, साचत जातं. ४४ किलो क्लोरीन ४८ घनमीटरमध्ये म्हणजे वर्षाला नऊशेच्या वर पीपीएम. त्याबरोबर साडेपाचशे पीपीएम सायन्युरिक. शंभराच्या वर गेलं की क्लोरीन जखडल्यासारखा होतो : किट ३ पीपीएम दाखवतं आणि पाणी तरी हिरवं. उपाय एकच, पाणी बदलणं. वर्षात तीनदा पूर्ण बदललं तरी प्रत्येक खेपेला १८० च्या आसपास जाणारच. तीनदा म्हणजे ५,००० लिटरचे एकोणतीस टँकर; टँकरला ८०० धरले तर तेवीस हजार रुपये. सायन्युरिक वाढलं की उन्हाने होणारी घट कमी होते, गोळ्याही कमी लागतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा खाली येईल. तरीही निव्वळ गोळ्यांवर प्रामाणिकपणे पूल चालवणं सगळ्यात महाग पडू शकतं.

माझं मत इथेच सांगून टाकते. पैसे वाचवायला हे यंत्र घेऊ नका, वाचणार नाहीत. घ्यायचं तर पाणी डोळ्यांना आणि कातडीला मऊ लागतं म्हणून, आणि रोज कॅन उचलायला माणूस नाही म्हणून. दादाच्याकडचे रखवालदार काका साठीचे आहेत, हायपोच्या वासाने खोकत होते. त्याने यंत्र घेतलं ते त्यांच्यासाठी. हे कारण मला पटलं.

यंत्र किती मोठं घ्यायचं

माहितीपत्रकावर ‘८०,००० लिटरपर्यंतच्या पूलसाठी’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा कोणत्या हवेतल्या पूलचा, हे कुणी लिहीत नाही. तासाला किती ग्रॅम, एवढंच विचारा. मेची भूक भागिले पंपाचे तास : १९२ भागिले ८, म्हणजे २४ ग्रॅम. म्हणून २५ चं यंत्र.

आम्हाला १५ ग्रॅमचं यंत्र ६२,००० लाही मिळत होतं. हिशेब केला तर मेमध्ये त्याला रोज तेरा तास चालवावं लागलं असतं. यंत्र चालायचं तर पंपही चालायला हवा. एक अश्वशक्तीचा पंप तासाला एक युनिट धरला तर रोज पाच युनिट जादा, दोन महिन्यांत साडेचार हजार. शिवाय वर्षाला जवळपास तीन हजार तास चालून त्याचा सेल सव्वातीन-साडेतीन वर्षांतच संपला असता. २५ चा सेल वर्षाला १,७६० तास चालतो, म्हणजे साडेपाच वर्षं जायला हवा. जरा मोठं यंत्र घेऊन कमी चालवणं केव्हाही बरं.

तिसरं कोटेशन एक लाख पंच्याऐंशी हजारांचं होतं, आपोआप अ‍ॅसिड सोडणाऱ्या पंपासकट. तो पंप चांगला असतो, पण त्याचा पीएच प्रोब दर महिन्या-दोन महिन्यांनी तपासून जुळवावा लागतो आणि दोन-एक वर्षांत बदलावा लागतो. आठवड्याला एक मग अ‍ॅसिड हाताने टाकणं ज्याला जमतं, त्याला याची गरज नाही.

पाणी कुठलं भरता, त्यावर सेलचं आयुष्य

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवा. शहरात पेंच धरणाचं पाणी येतं ते ठीक असतं. शहराबाहेर पडलं की बोअर, आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. टँकरवालाही कुणाच्या तरी बोअरवरूनच भरून आणतो.

दादाच्या बोअरचा जडपणा तपासून घेतला तर ५२० पीपीएम निघाला. पूलमध्ये २०० ते ४०० असावा असं धरतात. पण खरा घोळ भरताना होत नाही, वर पाणी घालताना होतो. उन्हाळ्यात बत्तीस चौरस मीटरच्या पृष्ठावरून दिवसाला नऊ-दहा मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे रोज जवळपास तीनशे लिटर, महिन्याला नऊ हजार. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी. मीठही मागे राहतं, चुनाही. त्या जागी नऊ हजार लिटर बोअरचं घातलं की जडपणा महिन्याला शंभराच्या आसपास चढतो. मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने गेले की तीनशेची भर.

सेलमध्ये जिथे हायड्रोजन सुटतो त्या पट्टीजवळ पाणी खूप अल्कधर्मी होतं. चुना तिथेच बसतो. घरच्या गीझरची कॉइल काढून पाहिली असेल तर तसलीच पांढरी पापडी. पहिल्या मेच्या शेवटी आम्ही दादाचा सेल उघडला तेव्हा पट्ट्यांमधल्या फटी दिसतच नव्हत्या. बोटाने दाबलं तर करकर वाजून कपचे पडत होते. उलटसुलट करंट सोडून स्वतःला साफ करणारा सेल होता तो. त्या सोयीलाही मर्यादा असते.

आणि मग आमच्या हातून चूक झाली. सर्व्हिसला आलेल्या मुलाने कॅनमधलं अ‍ॅसिड पाणी न मिसळता सेलमध्ये ओतलं आणि तो जेवायला गेला. पाऊण तासाने सेल आरशासारखा चकचकीत. दादा खूश, मी नाही. चुन्याबरोबर लेपाचीही झीज होते. त्या सेलने पुढे किती क्लोरीन कमी दिला हे मोजणं कठीण आहे, पण यंत्र पूर्वी ६० टक्क्यांवर ठेवून जे काम व्हायचं त्याला आता ७५ लागतात.

बरोबर रीत अशी. एमसीबी पाडा, दोन्ही युनियन (पाइपाचे हाताने फिरवून सुटणारे जोड) सोडवा, सेल उभा धरून खालचं तोंड बंद करा. चार-पाच भाग पाण्यात एक भाग अ‍ॅसिड घाला. अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. बुडबुडे थांबेपर्यंत, पाच ते दहा मिनिटं, तिथेच उभं राहायचं. मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा लावून. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायचं नाही. आणि मुळात हे वारंवार करावं लागू नये म्हणून पावसाळ्यात छतावरचं पाणी साठवून, किंवा घरी सॉफ्टनर असेल तर त्यातलं, वरच्या भरीला वापरा. आम्ही शेडच्या पत्र्यावरचं पाणी टाकीत घेतो. दुसऱ्या वर्षी सेल एकदाच धुवावा लागला.

कोटेशनमध्ये नसलेले पैसे

सेल पाइपात कुठे बसतो ते पाहा : फिल्टरनंतर, हीटर असेल तर त्याच्याही नंतर, पाणी पूलमध्ये परत जाण्याआधी सगळ्यात शेवटी. त्याला बायपास आणि दोन युनियन हव्यातच, नाहीतर धुताना दर वेळी पाइप कापावा लागेल. फ्लो स्विच असल्याची खात्री करा. पाणी वाहत नसताना सेल चालू राहिला तर हायड्रोजन साचतो, आणि तो खेळण्यातला वायू नाही. पंपाची खोली हवेशीर असावी.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. यात काटकसर करू नका, पोरं पाण्यात असतात. पॅनेल पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या भिंतीला लावू दिलात तर मेमध्ये ते तापून बंद पडेल; सावलीची, उत्तरेची भिंत बघा. जूनच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर, आणि गावाकडच्या फीडरवर असाल तर स्टॅबिलायझर (हा विजेचा, पाण्यातला नव्हे).

शिडी ३०४ स्टीलची असेल तर ती काही महिन्यांत तांबूस ठिपके दाखवेल. ३१६ ची घ्या. काठावर सच्छिद्र वालुकाश्म असेल तर त्यात मिठाचं पाणी मुरतं, वाळतं, मिठाचे खडे फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. ग्रॅनाइटला काही होत नाही. टाइलमधलं साधं सिमेंटचं ग्राउट आधीच भुसभुशीत असेल तर इपॉक्सीचं करून घ्या. नवं प्लास्टर असेल तर महिनाभर मीठ घालूच नका.

काळ्या मातीत बांधलेला पूल असेल तर आणखी एक तपासणी. ती माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि पूलच्या भिंतीला बारीक चिरा देते. पूल गळत असेल तर मीठही गळतं. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आणून खुणा करा, पंप बंद ठेवून दुसऱ्या दिवशी बघा. पूलचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं असेल तर आधी गळती, मग यंत्र.

आमचे हे सगळे मिळून सत्तावीस हजार झाले. त्यात शिडीचेच जास्त.

मीठ आणायचं आणि घालायचं

४८ घनमीटरला ३.५ किलोच्या हिशेबाने १६८ किलो. पण थांबा : हायपोवर चाललेल्या जुन्या पूलमध्ये मीठ आधीच असतं, कारण हायपोचं शेवटी मीठच होतं. मीठ तपासायच्या टेस्ट स्ट्रिपने मोजा. नुसत्या टीडीएस मीटरवर भरवसा ठेवू नका, ते बोअरचे सगळे क्षार मिठात धरतं. दादाच्या पूलमध्ये आधीचंच १,००० पीपीएम निघालं, म्हणून १२० किलोंत भागलं.

मीठ इतवारीत मस्कासाथला चौकशी केली की पोत्याने मिळतं. शुद्ध, रिफाइंड, बिनआयोडीनचं हवं, ९९ टक्क्यांच्या वर. लोणच्याचं जाडं खडेमीठ स्वस्त असतं, पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, माती. लोह असेल तर टाइलवर पिवळे डाग. आम्हाला चांगलं मीठ किलोला १५ रुपये पडलं. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही, रक्कमच मुळात छोटी आहे.

घालताना सेल बंद, पंप चालू. आधी लागणाऱ्यातलं ऐंशी टक्केच घाला, कारण जास्त झालेलं मीठ पाणी उपसल्याशिवाय निघत नाही. काठाने फिरत पसरायचं, ब्रशने ढवळायचं, स्किमरमध्ये (काठावरचं तोंड, जिथून वरचं पाणी पंपाकडे ओढलं जातं) ओतायचं नाही. चोवीस तास पंप चालू द्या, मग मोजा, मग उरलेलं. त्यानंतर सेल सुरू.

चालवताना

पीएच हळूहळू चढत राहतो, हे या यंत्राच्या स्वभावातच आहे. ७.२ ते ७.६ ठेवा. उन्हाळ्यात आमच्याकडे आठवड्याला चारशे मिलि अ‍ॅसिड लागतं. अ‍ॅसिडचा कॅन आणि हायपोचा कॅन एका खोलीत ठेवू नका. सांडून एकत्र आले तर विषारी वायू होतो. गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर यांना एकच चमचा वापरणंही तितकंच घातक, आग लागते.

हायपो पूर्ण सोडता येत नाही. नातवाच्या वाढदिवसाला पंधरा पोरं पाण्यात होती, संध्याकाळी पाणी दुधाळ. यंत्राला ‘सुपर’ बटण असतं, ते चोवीस तास पूर्ण जोराने चालतं. झीज आणि वीज मिळून त्याचे १८५ रुपये होतात, आणि उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघा. पाच लिटर हायपो शंभर रुपयांत तेवढाच क्लोरीन लगेच देतं.

पावसाळ्याचं गणित वेगळं. नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. पूलवर तीस-पस्तीस हजार लिटर गोडं पाणी पडतं आणि तेवढं खारं ओसंडून जातं. मेच्या शेवटी पूल काठोकाठ भरत बसू नका. स्किमर बुडालेला राहील एवढंच ठेवा, पहिले पाऊस त्यात मावतील. मीठ पावसाळा संपल्यावर एकदाच मोजून घाला, दर पावसानंतर नाही.

बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुताना निघणारं पाणी. हे लिहिताना अजून वाईट वाटतं. जुना बॅकवॉशचा पाइप काठावरच्या संत्र्याच्या झाडाशी सोडलेला होता. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन झाड तट्ट होतं. मीठ घातल्यावर पाइप तसाच राहिला, कुणाच्या लक्षातच आलं नाही. दर आठवड्याला साडेतीनशे लिटर, म्हणजे सव्वा किलो मीठ. दिवाळीपर्यंत पानांची टोकं आधी तांबूस, मग विडीच्या थोटकासारखी करपली. संत्र्याला खारं पाणी सोसत नाही, आणि काळ्या मातीत सोडियम गेलं की ती चिवट होऊन पाणीच खाली जाऊ देत नाही. पाइप आता दूर खडकाळ पडीक जागेत सोडलाय, विहिरीपासूनही लांब. शहरात असाल तर गटारात सोडा, कुंड्यांना नाही. ते झाड राहिलं, पण त्या बाजूने अजून फळ धरत नाही.

कोटेशन हातात आल्यावर

एवढंच विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या : तासाला किती ग्रॅम, सेलचा आजचा भाव किती आणि नागपुरात मिळायला किती दिवस, सेलची वॉरंटी वर्षांत की तासांत, आणि चुन्याने खराब झाला तर ती लागू होते का, सर्व्हिसचा माणूस इथला की मुंबई-पुण्याहून येणार, त्याचं भाडं कोणाकडे, जीएसटी धरून की वेगळा. सेल मेमध्ये बिघडला आणि यायला तीन आठवडे लागले तर पूल हिरवा होतो, म्हणून दिवसांचा प्रश्न भावाइतकाच महत्त्वाचा.

पंधरा-वीस हजार लिटरचा छोटा पूल असेल, किंवा पाणी फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत भरत असाल, तर यंत्राच्या वाटेला जाऊ नका. हायपो आणि चांगलं टेस्ट किट पुरे. भाड्याने दिलेल्या बंगल्यातही नको. रोज वापर आहे, कातडी नाजूक असलेलं कुणी आहे, पाणी बऱ्यापैकी मऊ आहे आणि दर पाच-सहा वर्षांनी पन्नास हजार बाजूला काढायची तयारी आहे, तर घ्या. दादा त्यासाठी दर महिन्याला आठशे रुपये वेगळ्या खात्यात टाकतो. पंपाच्या खोलीत दोरीला बांधलेली वही आहे. रखवालदार काका त्यात सेलचे तास, पीएच आणि अ‍ॅसिड लिहितात.

गेल्या महिन्यात शेजारच्या शेताचे मालक त्यांचं कोटेशन दाखवायला आले होते. चांगल्या कागदावर, रंगीत छापलेलं. खालून दुसऱ्या ओळीत तेच शून्य. दादाने चष्मा चढवला, कागद पुढून पाहिला, उलटून मागूनही पाहिला आणि म्हणाला, “भाऊ, सेलचा भाव कुठं लिहिला याच्यात?”